उमाजीचा जबडा

दुबलगुंडीचा उमाजी हुमनाबादच्या अडतीत सौदे पुकारायचा. तुरीची रास पडली की तो पोत्यांच्या थप्पीवर चढायचा आणि मराठी, कन्नड, दखनी अशा तिन्ही भाषांत एका दमात भाव चढवत न्यायचा. त्याच्या आजोबांपर्यंत घरातले सगळे मेंढरांमागं फिरलेले. मेंढरं गेली, रानात लांबवर हाळी देणारा गळा तेवढा घरात राहिला.

२००४ साली त्याचा डावा गाल सुजला. दाढ दुखत असेल म्हणून त्यानं ती काढून घेतली, तरी सूज उतरेना. गाठ खालच्या जबड्याच्या हाडातच धरली होती. डॉक्टर म्हणाले, ही कॅन्सरची नाही, पण हाड आतून पोखरत जाते. मग डाव्या बाजूचं हाड काढलं आणि त्या जागी तयार मिळणारी धातूची पट्टी बसवली. ती सरळ येते. ऑपरेशनच्या टेबलावरच पकडीनं वाकवून माणसाच्या हनुवटीला जुळवून घ्यावी लागते. आणि जिथं वाकवली तिथं ती कच्ची होते.

काही वर्षं तिनं निभावलं. उमाजी पुन्हा थप्पीवर चढला, आवाज थोडा फाटका झाला तरी लोकांनी चालवून घेतलं. मग २०१० च्या हिवाळ्यात, जेवताना, घास चावता चावता तोंडात कट्कन आवाज झाला. पट्टी मोडली होती.

त्यानंतरचे महिने पद्माबाईनं, त्याच्या बायकोनं, कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. मोडक्या पट्टीचं टोक गालातून बाहेर डोकावू लागलं. पू यायचा, लाळ थांबत नव्हती. उमाजी तोंडाला टॉवेल बांधून परसात बसायचा, कुणी भेटायला आलं की भिंतीकडं वळायचा. ती त्याला चमच्यानं पातळ आंबील पाजायची; निम्मी सांडायची. एकदा त्यानं टॉवेलाआडून काहीतरी म्हटलं. तिला कळलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं, तेव्हा कळलं, "मला मरू दे." त्याच दिवशी तिनं तुरीवर फवारायच्या औषधाचा डबा उचलून शेजारी गुरुशांतप्पांच्या घरी नेऊन ठेवला.

गुरुशांतप्पांनीच हैदराबादच्या एका दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी उमाजीला तपासलं. गाठीनं उरलेल्या हाडाच्या कडेला पुन्हा डोकं काढलं होतं. अशा वेळी पायाचं हाड काढून जबड्याला लावतात. पण उमाजी जन्मभर बिड्या ओढलेला. पायाच्या नसा आखडल्या होत्या.

"चाचा, पाँव की हड्डी लगा सकते थे," डॉक्टर म्हणाले, "मगर आपके पाँव में खूनच बराबर नै जारा. उस टाँग को हात लगाए तो टाँग बी जाएगी."

"मग?" पद्माबाईनं विचारलं.

एक रस्ता आहे, डॉक्टर म्हणाले, पण नवा आहे; मी स्वतः तो अजून कुणावर केलेला नाही. उमाजीच्या डोक्याचा सीटी स्कॅन काढायचा, त्यावरून कॉम्प्युटरवर त्याच्याच मापाचा जबडा आखायचा आणि तो धातूत छापून घ्यायचा. काम नवं म्हणून दवाखान्यानं सगळा खर्च आपल्याकडं घेतला.

आखणारा इंजिनीअर बंगळूरहून आला. नाव अमरदीप. मूळचा त्यांच्याच बिदरकडचा, ठाणाकुशनूरचा. शिकून तिकडं नोकरीला लागलेला. त्याच्या पिशवीत पांढऱ्या प्लास्टिकचा एक जबडा होता. त्यानं तो पद्माबाईच्या हातात दिला.

"अक्का, भिऊ नका. काकांचंच हाड हाय हे, फोटोवरून छापलेलं."

तिनं तो उलटासुलटा करून बघितला. उजवीकडं दातांची रांग होती, डावीकडं भगदाड. "हितं तर कायच न्हाई," ती म्हणाली.

"तिथंच बसवायचंय. उजवी बाजू आरशात धरल्यासारखी उलटी केली की डावी मिळती. ती धातूत करायची."

"ओतून?"

"न्हाई. धातूची पिठासारखी भुकटी असती. तिचा कागदाएवढा थर पसरायचा, जिथं हाड पायजे तिथंच लेसरनं वितळवायचा. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. असं करत करत हाड उभं ऱ्हातंय. साचा लागत न्हाई. आतनं जाळी ठेवता येती, म्हणून हलकं. ओतून असली जाळी जमायची न्हाई, कोरूनबी न्हाई."

उमाजी ऐकत होता. त्यानं प्लास्टिकचा जबडा हातात घेतला आणि त्या भगदाडातून बोट फिरवलं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्यानं टॉवेल बाजूला सारला होता.

जबडा तयार झाला. पण जखमेतला पू आटेना, आणि पू असताना धातू आत ठेवता येत नाही. मोडकी पट्टी काढून टाकली, औषधं चालली, दोघं गावी येऊन पुन्हा गेले. ऑपरेशन पुढं पुढं गेलं. शेवटी २०११ च्या पावसाळ्यात डॉक्टरांनी उमाजीला आत घेतलं.

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी पद्माबाईला सांगितलं. दरम्यानच्या महिन्यांत गाठ आखलेल्या रेघेच्या पुढं सरकली होती. कुजकं हाड काढत गेले, चांगलं हाड लागेपर्यंत. आणि मग जबडा लावून बघितला तर तो नखभर आखूड पडला. माप चुकलं नव्हतं. ज्या उमाजीचं माप घेतलं होतं, तो उमाजीच आता उरला नव्हता. गाल तसाच शिवून टाकावा लागला.

उमाजी शुद्धीवर आला, त्यानं हात वर नेला. नाकात नळी होती. पट्ट्यांवरून बोटं हनुवटीकडं गेली, आणि जिथं हाड लागायला हवं तिथं मऊ लागलं. त्यानं बायकोकडं बघितलं.

"बसलं न्हाई," ती म्हणाली. "कमी पडलं. पुन्हा करायलेत."

त्यानं डोळे मिटून घेतले.

त्यानंतर त्यानं खुणा करणंही सोडलं. जखम जरा सुकली, आणि एका सकाळी पद्माबाई औषध आणायला खाली गेली तेवढ्यात तो खाटेवरून उठून, नाकातल्या नळीसकट निघून गेला. गेटवरच्या माणसानं सांगितलं, रिक्षावाल्याला बसचं जुनं तिकीट दाखवत होता. ती इमलीबनच्या बसस्टँडवर पळाली. तिथं गावाकडं जाणाऱ्या बिदरच्या गाड्या लागतात त्या फलाटावर तो बसला होता. आजूबाजूचा बाक रिकामा झाला होता. लोक लांब उभं राहून त्याच्याकडं बघत होते.

ती त्याच्या शेजारी बसली.

"घरी जायलाव?" तिनं विचारलं.

त्यानं होय म्हणून मान हलवली.

"औषधाचा डबा गुरुशांतप्पाच्या घरात हाय. तुमाला ठाव हाय म्हणून जायलाव व्हय?"

बिदरची गाडी आली, माणसं चढली. पद्माबाईचा आवाज चढला. "मी बोलायलेय तर असं बघू नका माझ्याकडं! आजवर बोलले न्हाई. तुमचा घास मी गाळून दिला, पू मी पुसला. मला घाण वाटली न्हाई, तर तुमालाच तुमची घाण वाटायली व्हय? जायचं तर जाऊ. पर पोचल्यावर मी एकटी काय करू, ते तेवढं सांगून जावा."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पट्टीत मुरलं. गाडी निघाली. तो उठला नाही. उठायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, की अंगात त्राणच नव्हतं, हे तिनं पुढं कधीच विचारलं नाही.

ती त्याला घेऊन परत आली तेव्हा अमरदीप बंगळूरहून पोचलेला होता. त्याचा चेहरा उतरला होता. "साचा केला असता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं, अक्का," तो म्हणाला. "हितं नवा फोटो घ्यायचा आन् कॉम्प्युटरवरची रेघ पुढं सरकवायची. ह्या खेपेला मी एकच करणार न्हाई. थोड्या थोड्या फरकानं तीन लांबीचे जबडे आखतो, एकाच थाळीत तिन्ही छापून निघतील. आत काय सापडंल ते बघून डॉक्टर त्यातला उचलतील. हे आधीच सुचाया पायजे होतं."

ह्या वेळी कुणी वाट बघत बसलं नाही. नवा स्कॅन झाला आणि आठवड्याभरात तीन जबडे डब्यातून आले. पद्माबाईनं ते बघितलेसुद्धा नाहीत. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी मधला लावला, तो बसला नाही. सगळ्यात लांब होता तो बसला.

उमाजी जगला. हनुवटी जागेवर आली, दोन्ही गाल सारखे दिसू लागले. दुधात कुस्करलेली भाकरी तो उजव्या बाजूनं खाऊ लागला. पण खालचा ओठ बधिर झाला तो झालाच, आणि शब्द चिकट, एकात एक अडकलेले निघू लागले. २०१२ च्या सुगीत तो एकदा अडतीत गेला. थप्पीवर चढला, पुकारा केला. खरेदीदार एकमेकांकडं बघायला लागले. कुणालाच आकडा कळला नाही. कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला सोसलं नाही. तो खाली उतरला आणि पुन्हा कधी तिकडं फिरकला नाही.

दर सहा महिन्यांनी दोघं स्कॅनसाठी हैदराबादला जातात. उमाजी बाहेरच्या बाकावर बसतो, आत कागद घ्यायला पद्माबाई जाते. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "अब्बी तो साफ है."

ती बाहेर आली. उमाजीनं भुवया उंचावून विचारलं.

"साफ हाय," ती म्हणाली. 'अब्बी तो' हे दोन शब्द तिनं गिळून टाकले, आणि बसमध्ये खिडकीची जागा त्याला दिली.