एकशे साठ व्होल्ट
परवा नळदुर्गला जळलेल्या मोटारीत नवी तार भरून देणाऱ्याच्या दुकानापाशी जळक्या वार्निशचा वास आला आणि जळकोटच्या विहिरीवरची एक दुपार आठवली. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. शेती थोरले बंधू पाहत. ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसे बाहेर पडायच्या बेतात होती, पाणी द्यायचे अडले होते आणि विजेचा दाब दोनशे तीसऐवजी एकशे साठ व्होल्ट होता. मोटार घुमू लागताच बंधू ती बंद करायला निघाले. मी अडवले. "दादा, प्रतिरोध तोच, दाब कमी, म्हणजे प्रवाहही कमी, शक्ती निम्मी. मोटारीला काही होत नाही." "आरं, पर करंटचा काटा वर चाललाय की!" "काटा बिघडला असेल." ते थांबले, कारण घरात शिकलेला मी एकटाच होतो. थोड्याच वेळात धूर निघाला. बटण दाबून मोटार बंद करत ते म्हणाले, "तुझं गणित बरुबर आसंल, मास्तर. मोटार साळंत गेली न्हाय." मोटार भरून यायला आठवडा लागला, त्या वर्षी कणसे भरली नाहीत. पुढे निवृत्तीपर्यंत मी दरवर्षी वर्गात सांगितले, की हे सूत्र विजेच्या शेगडीच्या तारेचे आहे. दाब घसरला की मोटार उलट जास्त प्रवाह ओढते, आणि ही चूक मी स्वतः केली आहे. मुलांना ते सांगता आले. बंधूंना, ते होते तोवर, सांगितले नाही.