बोक्याचा चार नंबरचा नर

उंदरांच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली त्याच दिवशी मित्रांनी त्याचं नाव बोका ठेवलं, आणि पुढे घरातही तेच रुळलं. बोक्याचं काम म्हणजे उंदरांचे संसार लावून देणं. कुठली मादी कुठल्या नराच्या पिंजऱ्यात सोडायची, पिल्लं झाली की नाही, हे तो बघायचा. नात्यातली सोयरीक ठरवताना त्याला कुणी हिंग लावून विचारत नसे, पण इथे त्याचा शब्द प्रमाण.

त्याचा लाडका चार नंबरचा नर. त्याचं एक जनुक जन्मापासूनच बंद केलेलं. अंगाने गुटगुटीत, केसांवर तुकतुकी, मादी दिसली की स्वारी हजर. पण पिल्लाचं नाव नाही.

पाळणा बोक्याच्या घरीही हलला नव्हता. बायकोच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या, आता पोटात दुर्बीण घालून बघायची तारीख ठरली होती. ती मनातून घाबरली होती, पण बोलत नव्हती. आणि बोका? डॉक्टरीणबाईंनी सांगूनही त्याला तपासणीला वेळ मिळाला नव्हता. दिवसभर मायक्रोस्कोपखाली शुक्राणू बघणारा हा गडी, स्वतःवर वेळ आली की "मला काय धाड भरलीय?" म्हणत दंड फुगवायचा. आई री ओढायची, "आपल्या घराण्यात असलं काही नाही."

एकदा प्रयोगशाळेने कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना काम बघायला बोलावलं. बोका कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभा. पडद्यावर चार नंबरच्या, तेच जनुक बंद असलेल्या भावाचे शुक्राणू जागच्या जागी वळवळत होते.

"शुक्राणू तयार होतात तेव्हा त्यांना पोहता येत नाही," तो रंगात आला. "अंडकोषाला लागून एक बारीक, वेटोळी नळी असते. तिच्यातून जाता जाता ते पिकतात, पोहायला शिकतात. यांचं जनुक बंद, म्हणून नळी पार केली तरी कच्चेच."

पहिल्या रांगेतून त्याच्या आईने सुचवलं, "अरे, मग मादी बदलून बघ की!"

"बदलल्या ना! सगळ्या आधी व्यालेल्या होत्या. दिसण्यावर जायचं नाही, आई. आधी नर तपासायचा. मादी बिचारीला उगीच कशाला छळायचं?"

लोक हसले. बोकाही हसला, आणि त्याची नजर बायकोवर गेली. ती हसत नव्हती. नुसती त्याच्याकडे बघत होती. बोक्याला आपलीच लाज वाटली. पुढचे पिंजरे त्याने भराभर दाखवून टाकले.

घरी जाताना बायको म्हणाली, "अहो, तो चार नंबरचा घाबरतो का हो, त्याला उचलताना?"

"घाबरतो," बोका म्हणाला. "खूप."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दवाखान्यात फोन केला. आईने चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "सूनबाईची तारीख बदलली की काय?"

"रद्द केली. माझी घेतली."

"तुझी? तुला काय झालंय?"

"तेच बघायचंय. आधी नर तपासायचा, आई."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. "काय म्हणालात?" आतून बायकोने विचारलं. तिने सगळं ऐकलं होतं, पण तिला पुन्हा ऐकायचं होतं. बोक्याने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्यांदा.