उल्काताई समारंभाला गेल्या

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत खांबेटे पती-पत्नी तिसऱ्या मजल्यावर राहतात. श्यामसुंदर खांबेटे वीज मंडळात हेडक्लार्क होते, उल्काताई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. त्यांची एकुलती एक मुलगी स्वराली. ती विमानाच्या चाचणीत गेली, तेव्हा तिशी नुकतीच ओलांडली होती.

तिचं काम नेमकं काय होतं हे सोसायटीत फारसं कुणाला कळलं नव्हतं. ‘विमान कंपनीत आहे’ म्हटलं की लोकांना हवाई सुंदरी वाटायची आणि उल्काताई चिडायच्या. नवं विमान तयार झालं की ते विकण्याआधी सगळ्या तऱ्हेने उडवून बघतात. पुढे वैमानिक बसतो आणि मागे इंजिनिअर. विमान कसं वागतंय हे तो इंजिनिअर मोजत आणि खालच्या लोकांना रेडिओवर सांगत जातो. स्वराली ती मागची इंजिनिअर. त्या दिवशी एक छोटं प्रशिक्षणाचं विमान मुद्दाम गिरकीत घालून ते आपलं आपण सावरतं का, हे पाहायचं होतं. ते सावरलं नाही. दोघांच्याही पाठीला पॅराशूट होतं. दोघंही गेले.

कंपनीचे एक मोठे अधिकारी घरी भेटायला आले होते. सोफ्याच्या अगदी कडेला बसून त्यांनी सांगितलं, “शेवटच्या क्षणापर्यंत ती आकडे सांगत राहिली. तिने विमान सोडलं नाही.”

श्यामसुंदरकाकांनी ते वाक्य धरून ठेवलं. आल्यागेल्याला सांगितलं. पुढच्या वर्षी अभियंत्यांच्या एका मंडळाने, त्याच कंपनीच्या मदतीने, उड्डाण-चाचणीतल्या उत्तम कामगिरीसाठी स्वरालीच्या नावाने पुरस्कार सुरू केला. मानपत्रात तेच वाक्य जरा सजवून आलं: ‘मृत्यू समोर दिसत असतानाही जिने विमान सोडले नाही, त्या स्वराली खांबेटे यांच्या स्मृतीस.’ दर वर्षी सेनापती बापट रस्त्यावरच्या सभागृहात समारंभ व्हायचा. काका इस्त्रीचं जाकीट घालून जायचे, पुरस्कार त्यांच्याच हस्ते दिला जायचा, आणि ते दोन मिनिटं बोलायचे. माणूस तेवढ्यावर वर्षभर जगायचा म्हटलं तरी चालेल.

उल्काताई कधीच गेल्या नाहीत. समारंभाच्या दिवशी त्या घरातले पंखे पुसायला काढायच्या. पहिल्या वर्षी मी विचारलं, तेव्हा स्टुलावरूनच म्हणाल्या, “पाठीला पॅराशूट होतं तिच्या. आई-बाप इथे वारज्यात होते. तिने विमान निवडलं. मी कशाला टाळ्या वाजवू?”

नंतर मी विचारलं नाही. पोरगी गेल्याचं दुःख लोकांना दिसायचं. तिच्यावरचा राग मात्र त्या एकट्याच सांभाळत होत्या. तिचं नाव घेत नसत. काका तिच्याबद्दल बोलायला लागले की उठून आत जात.

यंदा समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. काका मंडईत गेले होते. वारज्यातल्या भाजीला भाजी म्हणायला ते तयार नाहीत. बेल वाजली. दारात पाठीला सॅक लावलेली एक तरुण मुलगी.

“काकू, मी अस्मिता वानखडे. यंदाचं अवॉर्ड मला मिळालंय. एकदम उद्या स्टेजवर भेटण्यापेक्षा म्हटलं आधी घरी येऊन नमस्कार करावा.”

मुलगी मूळची अकोल्याची, स्वरालीच्याच कंपनीत चार वर्षांपूर्वी लागलेली. उल्काताईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग मीच विचारलं, “कशासाठी मिळाला गं पुरस्कार?”

“स्वराली मॅमची टेस्ट आम्ही पूर्ण केली,” ती म्हणाली. “तेच विमान, पण शेपटीचं डिझाइन बदललं. आता गिरकीतून व्यवस्थित बाहेर येतं. आणि समजा नाहीच आलं, तरी डोक्यावरचं काचेचं झाकण आता पहिल्या झटक्यात उडतं. उडी मारता येते.”

उल्काताई बशी पुसत होत्या. “आता उडतं म्हणजे? आधी उडत नव्हतं?”

अस्मिताने माझ्याकडे पाहिलं. मला काय कळणार?

“तुम्हाला कंपनीने सांगितलं असेल ना, काकू?”

“आम्हाला सांगितलं, तिने विमान सोडलं नाही.”

ती मुलगी पांढरी पडली. आपण काय बोलून बसलो हे तिच्या लक्षात आलं असावं. उठून जाता आलं असतं तर गेली असती. पण उल्काताईंनी तिचा हात धरला होता.

“खरं काय ते सांग. मी शिक्षिका होते. खोटं मला लगेच कळतं.”

“झाकण अडकलं होतं,” अस्मिता हळूच म्हणाली. “हँडल ओढलं की ते सुटून उडून जायला हवं. नाही सुटलं. कामासाठी मला ते रेकॉर्डिंग ऐकायला लागलं. त्या आकडे सांगत होत्या, ते खरंय. उंची कमी झाल्यावर पुढे बसलेल्या पायलट सरांनी उडी मारायला सांगितलं. मग त्या सारख्या ओढत होत्या. दोघंही ओढत होते.”

“काही बोलली?”

“सगळं इंग्लिशमध्येच चाललं होतं. शेवटी तेवढं मराठीत म्हणाल्या.” उल्काताईंनी हात सोडला नाही. “म्हणाल्या, ‘सूट ना गं. सूट ना.’”

उल्काताईंच्या तोंडून एक आवाज निघाला. मला आधी वाटलं, हसल्या. “अशीच बोलायची,” त्या म्हणाल्या. “कपाटाचा खण अडकला की त्याच्याशी अशीच बोलायची.” आणि मग त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. “यायचं होतं तिला,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “अहो, यायचं होतं तिला.”

तेवढ्यात काका आले. हातात दोन पिशव्या, एकीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या. उल्काताईंनी तिथल्या तिथे त्यांना सगळं सांगून टाकलं. काका पिशव्या खाली न ठेवता ऐकत राहिले. मग अस्मिताकडे वळून म्हणाले, “हे सांगायला आलात आपण?”

“काका, मला वाटलं तुम्हाला माहीत...”

“नव्हतं माहीत. बरं चाललं होतं आमचं.”

मुलगी रडवेली होऊन निघाली. मी तिला खालपर्यंत सोडायला गेले. वर आले तर काका पिशव्यांसकट खुर्चीत बसलेले. “घाबरली असेल हो,” ते म्हणाले. “मी लोकांना सांगत हिंडलो, की घाबरली नाही.”

दुसऱ्या दिवशी उल्काताई समारंभाला गेल्या. राखाडी सुती साडी नेसून माझ्याशेजारी तिसऱ्या रांगेत बसल्या. व्यासपीठावर काका, मंडळाचे अध्यक्ष आणि कंपनीचे तेच अधिकारी, आता निवृत्तीला आलेले. निवेदिकेने मानपत्र वाचलं. ‘जिने विमान सोडले नाही’ या शब्दांवर टाळ्या पडल्या. अस्मिता मान खाली घालून उभी होती. काकांनी तिला स्मृतिचिन्ह दिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माईकपाशी आले.

त्यांनी माईक जवळ ओढला. मग म्हणाले, “तिने विमान सोडायचा प्रयत्न केला होता. झाकण उघडलं नाही. हे आम्हाला काल कळलं, तेही या मुलीकडून. मानपत्रात खरं ते लिहा, एवढीच विनंती आहे.”

टाळ्या वाजवायच्या की नाहीत, हे सभागृहाला कळेना. अधिकारी समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बसले. अध्यक्ष उठून म्हणाले, “खांबेटेसाहेबांच्या भावना आम्ही समजू शकतो. यावर योग्य ठिकाणी चर्चा करू.” मग आभार झाले, चहा झाला. चहाच्या वेळी काकांभोवती एरवी गर्दी असायची. त्या दिवशी आम्ही तिघंच होतो. ते अधिकारी लांबून नमस्कार करून निघून गेले.

यानंतर घर हलकं होईल असं मला वाटलं होतं. उल्काताईंपुरतं ते खरं ठरलं. त्या स्वरालीबद्दल बोलायला लागल्या: तिचं अक्षर, तिचे हट्ट, कशावरून भांडायची. गप्प झाले ते काका. मंडई सुटली, दारावर येईल ती भाजी घ्यायला लागले. जेवताना उल्काताईंनी तिचा विषय काढला की तेच ताटावरून उठायचे. एकदा जिन्यात मला म्हणाले, “हिला मुलगी परत मिळाली. माझ्या डोळ्यांपुढे ती सारखी ते हँडल ओढत असते. डोळे मिटले तरी.” मी “येते” म्हणाले.

अस्मिताला कंपनीत बोलणी बसली. तिने ते फोनवर सांगितलं नाही, पण उल्काताईंना आवाजावरून कळलं. वर्षभरात तिने नोकरी सोडली.

पुढचा समारंभ पुण्यात झालाच नाही. मंडळाने तो दुसऱ्या शहरात ठेवला. प्रवासाची दगदग नको म्हणून आपल्याला बोलावलं नाही, असा खांबेट्यांना दोन ओळींचा निरोप आला. अस्मिताने कुणाकडून तरी नव्या मानपत्राचा फोटो मिळवून पाठवला. उल्काताईंनी तो मोबाइलवर मोठा करून काकांना वाचून दाखवला. “‘चाचणी उड्डाणात निधन पावलेल्या स्वराली खांबेटे यांच्या स्मृतीस.’”

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

“झाकणाचं?”

“नाही.”

“निदान खोटं तरी नाही,” असं म्हणून काका उठले आणि दूध वर येतंय का ते बघायला स्वयंपाकघरात गेले.