आतली रेघ, बाहेरची रेघ

"पाणी पुस्तक वाचून थांबत नाही, मुडप घातली तरच थांबतं," असं पत्रेबाई एकदा म्हणाल्या होत्या. म्हणाल्या त्या सुनेला, आणि सून शाळेत गणित शिकवत होती, त्यामुळे ते वाक्य घरात बरेच दिवस टोचत राहिलं.

पत्रेबाई हे अर्थातच लोकांनी पाडलेलं नाव. बादल्या, नरसाळी, धुराडी, पन्हाळी, पत्र्याचं जे जे होतं ते त्या करत. दुकान खाली, घर वर. दुकान मुळात त्यांच्या वडिलांचं. त्या नववीत असताना वडिलांच्या उजव्या हातावर वितळलेलं कथील सांडलं. पंधरा दिवसांसाठी म्हणून त्या कामाला बसल्या, त्याला आता अडतीस वर्षं झाली होती. हातावर बारीक पांढरे व्रण, आवाज हातोड्यावर मात करण्याच्या सवयीनं चढलेला, आणि प्रत्येक बोलण्यातला शेवटचा शब्द स्वतःकडे राखून ठेवलेला.

सून घरात येऊन आठ महिने झाले होते. सासूबाई मागच्या वर्षी दहावीला बसल्या होत्या आणि गणितात चार गुणांनी राहिल्या, हे तिला लग्नानंतर कळलं.

"आई, बाकी सगळे विषय सुटले, मग गणितातच काय झालं?"

"तपासणाऱ्यानं कधी बादली पाहिलेली नव्हती," पत्रेबाई म्हणाल्या आणि कातर चालवू लागल्या.

विषय एवढ्यावर मिटला असता. पण गावाबाहेरच्या तंत्रशाळेला पत्राकाम शिकवणारं माणूस हवं होतं, आणि तिथल्या प्राचार्यांनी पत्रेबाईंचं काम पाहिलेलं होतं. नियम एकच आडवा येत होता. दहावी पास पाहिजे. प्राचार्य स्वतः दुकानात आले, पत्र्याच्या डब्यावर बसले आणि म्हणाले, "या वेळच्या निकालापर्यंत जागा धरून ठेवतो. पुढचं माझ्या हातात नाही." ते गेल्यावर पत्रेबाई बराच वेळ एकाच पत्र्यावर हातोडा मारत होत्या. तो पत्रा आधीच सपाट झालेला होता. सुनेनं जिन्यावरून ते पाहिलं आणि त्याच आठवड्यात शिकवणी सुरू केली.

शिकवणी दुपारी, दुकानाचं दार अर्धं ओढून. वही उघडली की सासूबाई सुनेला अहोजाहो करत, मिटली की पुन्हा अगं-तुगं.

"बाई, तुमचा हा उन्नत कोन मला पटला. पण चहा कोण टाकणार आहे?"

"वही मिटा, मग सांगते."

मिटली. "जा, टाक गं चहा."

त्रिकोणमितीला त्या घाबरल्या नाहीत. सुनेनं कोनमापकाला दोरा बांधला, दोऱ्याला नट अडकवला आणि त्यांना समोरच्या बेकरीच्या धुराड्यापाशी नेलं. टोकाकडे नेम धरायचा, दोरा किती अंशावर लोंबतो ते पाहायचं, पायथ्यापासूनचं अंतर मोजायचं आणि टॅनच्या कोष्टकात बघायचं. पत्रेबाईंनी नेम धरला आणि कोष्टक न मागता मागे मागे सरकू लागल्या. पंचेचाळीस अंश आल्यावर थांबल्या.

"आता माझ्यापासून धुराडं जेवढं लांब, तेवढंच माझ्या डोळ्यापासून वर. वरून माझी उंची मिळवा, डोळ्यापर्यंतची. कोष्टक कशाला हवं?" मग धुराड्याकडे बघत त्या पुटपुटल्या, "आणि अडतीस वर्षं मी शिडी चढत होते. काय खुळी बाई!"

सुनेला वाटलं, झालं, पास. मग महत्त्वमापन आलं.

प्रश्न शंकूछेदाचा होता, म्हणजे टोक कापलेल्या शंकूचा, म्हणजेच बादलीचा. वरची त्रिज्या चौदा, तळाची सात, उंची चोवीस, सगळं सेंटिमीटरमध्ये. बादलीला पत्रा किती लागेल? पत्रेबाईंनी तिरकस उंची तोंडी काढली, पंचवीस. बाजूचा पत्रा सोळाशे पन्नास, तळ एकशे चोपन्न. बेरीज अठराशे चार व्हायला हवी होती. वहीत अठराशे त्र्याहत्तर होते.

"हे एकोणसत्तर कुठून आले?"

"मुडपीचे. दोन कडा एकमेकींत दुमडून ठोकायच्या तर पत्रा नको? उभ्या जोडाला एक सेंटिमीटर, म्हणजे पंचवीस. तळाच्या कडेला सगळीकडून एक, त्याचे चव्वेचाळीस. वरच्या काठात तार भरायची असते, तिचं मी धरलंच नाही. म्हटलं, पुस्तकावर दया करावी."

"आई, पुस्तकात मुडप नसते."

"मग गळते त्यांची बादली."

मागच्या वर्षी काय झालं ते सुनेला आत्ता समजलं. नरसाळं, टाकी, तंबू, प्रत्येक उत्तरात बाईंनी जोडाचा पत्रा धरला होता. रीत बरोबर, आकडा दर वेळी चुकलेला. तिनं रागावून पाहिलं, हात जोडून पाहिलं. पत्रेबाई हो म्हणत, आणि पुढच्या उदाहरणात पेन आपोआप एक सेंटिमीटर बाहेर जाई. "कमी पत्रा लिहायला हातच धजत नाही गं," त्या एकदा म्हणाल्या. वही उघडी होती, तरी अगं म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी शाळेत मोकळ्या तासाला सुनेनं पुठ्ठ्याची बादली केली, पुस्तकाच्या मापानं, काटेकोर. कडेला कड भिडली, पण धरायला काहीच नव्हतं. हात काढला की बादली उलगडून टेबलावर आडवी होई. नऊ वर्षं ती हे आकार फळ्यावर काढत आली होती. त्यांना वजन नव्हतं, जोड नव्हता, हात कापणारी कड नव्हती. त्यांत पाणी किती मावतं ते ती सांगत होती, आणि पाणी एकदाही ओतलं नव्हतं. तिला स्वतःबद्दल फार बरं वाटलं नाही.

दुपारी ती वही न घेता दुकानात गेली आणि नुसती बघत बसली. पत्रेबाई नरसाळ्यासाठी पत्रा आखत होत्या. टोकदार सळईनं त्यांनी एक कमान ओढली, मग तिच्या बाहेरून बोटभर अंतरावर दुसरी.

"या दोन कशाला?"

"आतली घडीची. नरसाळं तेवढंच होणार. बाहेरची कापायची."

"आधी कुठली मारता?"

"आतली. ती चुकली तर बाहेरचीला अर्थ काय?"

"मग पुस्तक तेवढंच विचारतंय, आई. आतली रेघ. बाहेरचीपर्यंत ते पोचलेलंच नाही."

पत्रेबाईंचा हात थांबला. त्यांनी पत्र्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "एवढंच होय! मग इतके दिवस तोंडात काय धरून बसली होतीस?" असं म्हणून त्यांनी कातर उचलली. त्या दिवसापासून त्यांचं एकही उत्तर चुकलं नाही.

परीक्षेहून परतल्यावर मात्र त्यांनी बॉम्ब टाकला.

"शेवटचा प्रश्न बादलीचाच होता. आतल्या रेघेचं उत्तर लिहिलं, चौकटीत घातलं."

"छान!"

"आणि आकृतीत बाहेरची रेघ पुसट आखली. बाजूला लिहिलं, कापताना ही धरावी."

"अहो आई, का?"

"तपासणाऱ्याला कधी बादली करावीशी वाटली तर?"

निकाल लागेपर्यंत सून त्या पुसट रेघेवर झुरत राहिली. नवरा म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा, मी काठावर पास झालेला माणूस आहे." पत्रेबाई एकट्याच निर्धास्त होत्या. "रेघ बरोबर आहे," एवढंच म्हणायच्या.

निकालाच्या दिवशी सून शाळेतून न जेवता आली. फोनवरचं पान तीनदा अडकलं. मग उघडलं. गणित, एकोणसाठ.

"आई! एकोणसाठ! पास!" ती ओरडली. नवरा जिन्यातून धावत खाली आला. दोघं बाईंच्या तोंडाकडे बघू लागली, आता काय टोला येतो म्हणून. तपासणाऱ्याचं काही खरं नव्हतं.

पत्रेबाईंनी फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरून आकडा वाचला आणि परत दिला. बादलीत हात धुतले, पदराला पुसले. भिंतीवरची कातर, लाकडी हातोडा आणि रेघ मारायची सळई पिशवीत घातली. उंबऱ्याशी वळून त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, ओलाच. मग चपला पायात सरकवल्या आणि एक शब्द न बोलता तंत्रशाळेच्या रस्त्याला लागल्या.