दहावीचा कागद परदेशी निघतो तेव्हा

आमच्या ऑफिसातून फायली निघून जातात, गोष्टी मात्र राहतात. नांदेडला बस स्टँडजवळ, वरच्या मजल्यावर, मी आणि माझे भागीदार सलीमभाई दोन टेबलं टाकून बसतो. परदेशी नोकरीला निघालेल्यांच्या दहावी-बारावीच्या मार्कशीटांवर शिक्के आणून देणं हा आमचा धंदा. कागद खरेच असतात, पण ते खरे आहेत असं आधी लातूरच्या बोर्डानं, मग मुंबईनं, मग दिल्लीनं म्हणावं लागतं. डबा उघडला की सलीमभाई विचारतात, "आज कुणाची गोष्ट काढायची?"

मुरुडची ज्योती नर्स होती. जर्मनीतल्या हॉस्पिटलनं तिला घेतलेलं. पण दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव रुक्मिण आणि बारावीच्या मार्कशीटवर रुक्मिणी. तिकडून फाईल परत आली. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करायला आम्ही तिला वकिलाकडं नेलं.

वकील म्हणाले, "आईलाच घेऊन या की सहीला."

"मी नववीत असताना वारली ती. यातली एकबी मार्कशीट तिनं बघितली न्हाई."

वकिलांनी ज्योतीच्या नावानं मजकूर सांगितला, तो मी टाईप केला. पहिलंच वाक्य होतं, 'मला एकच आई होती.'

अर्धापूरचे मारोतराव आखातात बारा वर्षं गवंडी. कंपनी फोरमन करणार होती, दहावीचं सर्टिफिकेट मागितलं. गावाकडच्या एका एजंटानं ते त्यांना 'काढून' दिलं. आम्ही पडताळणीला पाठवलं, तर त्या नंबरचा विद्यार्थीच नव्हता. सलीमभाईंनी त्यांना आत बसवून हळू आवाजात सांगितलं.

मारोतराव म्हणाले, "आठवीतच सुटली माझी शाळा. पण बारा वर्सं भिंती वळंब्यात उभ्या केल्या, त्यातली एक तरी वाकडी निघाली का, हे कुणी इचारंना."

सलीमभाईंनी त्यांना बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. माणूस सुट्टी वाढवून घेऊन लेकीच्या पुस्तकांवर अभ्यासाला बसला आणि पास झाला. तोवर तिकडं दुसराच फोरमन झाला होता. जायच्या आदल्या दिवशी पेढे घेऊन आले. म्हणाले, "पुन्हा थापीच हातात. पण आता पास झालेला गवंडी हाय."

लातूरच्या एका पोराला जहाजावर स्वयंपाक्याची नोकरी मिळत होती. कंपनीला त्याच्या शाळेचं पत्र हवं होतं. शाळा बंद पडून आठ वर्षं झालेली. आम्ही निवृत्त हेडमास्तरांचं घर शोधलं. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. पण पोरानं आपली बॅच सांगितली, तशी त्यांनी तोंडपाठ हजेरी घेतली. आपलं नाव आल्यावर पोरगा उठून "हजर सर" म्हणाला. पत्र मात्र मिळालं नाही. शिक्का कुठं आहे, ते मास्तरांना आठवेना.

आणि हदगावचा संघपाल. आयटीआय केलेला वायरमन, घरातला पहिला बारावी पास. कतारची ऑफर होती. कागद दिल्लीला असताना लातूरला एका बिल्डिंगच्या कामावर शॉक लागून गेला. आम्हाला पत्ताच नव्हता. शिक्के होऊन कागद आले, मी फोन केला, तो वडिलांनी उचलला आणि तेव्हा कळलं.

चार दिवसांनी ते स्वतः आले. धुतलेला सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी. मी फाईल पुढं ठेवली. कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "गणितात किती हाय?"

"अठ्ठ्याऐंशी."

"शिक्का मारायच्या आधी साहेब लोक वाचतेत का हे?"

सलीमभाई म्हणाले, "हाव. सगळं वाचतेत."

"दिल्लीचे बी?"

"दिल्लीचे बी."

"मग बरं," ते म्हणाले, आणि कागद दुमडू नये म्हणून पिशवी आडवी धरून जिना उतरले.