प्रेमिलाबाईंच्या गणिताचा ताळा

नागपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवणाऱ्या प्रेमिला गजभिये यांनी पटकीची साथ कशी पसरते, याचं गणित मांडलं होतं. साथ आठवडी बाजाराच्या गावांतून फुटते, म्हणून औषध आधी तिथल्या विहिरींत टाका, असं त्यांचं म्हणणं. नरखेड भागात १९७८च्या पावसाळ्याआधी तसं केलंही गेलं.

त्या हिवाळ्यात बढतीच्या मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या संशोधनाचा दाखला कुणी दिलाय?"

"अजून कुणीच नाही. पण परिणामच मोजायचा तर नरखेडला जाऊन मोजू. तुम्हीही चला."

अध्यक्ष खरंच एसटीत बसले. दोघं गावोगाव विचारत फिरले. शेजारच्या तालुक्यात साथीनं माणसं गेली होती. इकडे आदल्या वर्षी थोरला मुलगा गमावलेल्या अंजनाबाईंनी अंगणातल्या धाकट्याला जवळ ओढलं.

"यंदा गावात कोणालेच पटकी नाही झाली, बाई. काहून, ते मले नाही समजत."

"ते या बाईंना समजलंय," अध्यक्ष म्हणाले.

परतीच्या एसटीत प्रेमिलाबाईंना हसू आवरेना. बढतीचा हुकूम आला तेव्हा त्या वर्गावर होत्या. पोरांनी टाळ्यांनी कॉलेज दणाणून सोडलं.