सभा तहकूब होणार नाही

मी सरपंच झाले ती देवळाच्या ओट्यावर, आणि तेव्हा मी तिथे नव्हतेच. घरी भाकऱ्या थापत होते. पनवेलच्या आमच्या बाजूला गावकीचं असंच असतं. एकेका आळीचा एकेक कर्ता पुरुष येतो, सगळे ओट्यावर बसतात आणि जत्रेच्या पालखीपासून कुणाच्या भांडणापर्यंत सगळं निकाली काढून उठतात. बाई तिथे बसत नाही. त्या वर्षी सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि गावकीने माझं नाव बिनविरोध ठरवलं. नवरा घरी येऊन म्हणाला, "तुला उभी केलीय." मी म्हटलं, "मी तर बसलेली आहे." त्याला काही हसू आलं नाही.

गावकीचे प्रमुख माझे चुलत सासरे. सारं गाव त्यांना आबा म्हणतं. पूर्वी त्यांची भातशेती होती, मिठागर होतं. विमानतळ आला तशी शेती गेली आणि चाळी उभ्या राहायला लागल्या. पंचायतीत माझ्या खुर्चीत माझा नवरा बसायचा आणि आबांचा फोन घ्यायचा. शिपाई ठरावांचं रजिस्टर घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायचा. पिठाचा हात पदराला पुसून, तो बोट ठेवील तिथे मी सही ठोकायचे. बारावी शिकलेली बाई मी! एक पान कधी वाचलं नाही. सांगायची लाज वाटते, पण सांगते.

डोंगराच्या पायथ्याला आदिवासी वाडी आहे. तिथली माणसं आमच्या शेतात राबतात, वीटभट्टीवर जातात, आणि मतदानाच्या दिवशी त्यांना आणायला टेम्पो जातो. बाकी दिवशी त्यांची आठवण कुणाला येत नाही. वाडीत नळ नव्हता. खालच्या खदानीच्या खड्ड्यातलं पाणी चढावरून आणायचे आणि फडक्याने गाळून प्यायचे. पाण्याची योजना आली तेव्हा टाकी वाडीत बांधायची असं ठरलं होतं, एवढं मला ऐकून माहीत होतं.

त्या वाडीतली एक बाई आमच्याकडे भाताच्या लावणीला यायची. असेल माझ्याच वयाची. एका सकाळी ती मागच्या दारी येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"बाय, टाकी आमची व्हती. ती आबांच्या चाळींकडं कशी गेली?"

"मला काय माहीत?"

"कागदावर सही तुजी हाय. माजी सून सात महिन्यांची हाय, बाय. त्यो चढ हंडा घेऊन चढते. तिनं कुटवर चढायचं?"

ती गेल्यावर मी तशीच पंचायतीत गेले आणि ग्रामसेवकांना रजिस्टर काढायला लावलं. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. घाटावरचा माणूस, बदलीच्या भीतीने कायम अर्धा झालेला. पान उघडलं. 'टाकीची जागा वाडीऐवजी चाळींजवळ. तहकूब सभेत सर्वानुमते मंजूर.' खाली माझी सही, ठसठशीत.

"तहकूब म्हणजे काय हो, भाऊसाहेब?"

ते इकडेतिकडे बघत सांगायला लागले. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. नाही जमली तर सभा तहकूब, म्हणजे पुढे ढकलायची. त्या पुढच्या सभेला कितीही आली तरी चालतात. झालं! आमची पुरुषमंडळी पहिल्या तारखेला समोरच्या देवळाच्या ओट्यावर चहा पीत बसायची आणि आत पाय ठेवायची नाहीत. दुसऱ्या तारखेला गावकीतले पाचसहा जण येऊन हवं ते मंजूर करून जायचे. वाडीला निरोपच नाही. सर्वानुमते म्हणे! कसले डोंबलाचे सर्व? सरकारने गावाला पंचायत दिली आणि गावाने तिला गावकीची मोलकरीण करून ठेवली. आणि मी? मी त्या मोलकरणीची सही.

नवऱ्याला सांगितलं, टाकी अजून बांधायची आहे, तोवर तिचा ठराव मी पुन्हा सभेपुढे घेणार. तो म्हणाला, "आबा काय म्हणतील?" मी म्हटलं, "बोर्डावर नाव कुणाचं आहे? आबांचं?" दुसऱ्या दिवसापासून त्या खुर्चीत मी बसायला लागले. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण खुर्ची सोडली नाही.

सभेची नोटीस घेऊन मी स्वतः वाडीवर गेले, घरोघर. सभेच्या दिवशी भट्टीचं काम बुडवून वाडी खाली उतरली. पोरं कडेवर घेऊन बाया, काठ्या टेकत म्हातारे. माझ्या आळीतल्याही काही जणी आल्या, पदर डोक्यावरून ओढून, नवऱ्यांची नजर चुकवत. समोर ओट्यावर आबा आणि सगळी मंडळी चहा पीत बसली होती. भाऊसाहेबांनी रजिस्टरातल्या सह्या आणि अंगठे मोजले. शहाण्णव. पुन्हा मोजले. शहाण्णव.

"मॅडम, तहकूब करूया का?" त्यांनी हळूच विचारलं.

"थांबा," मी म्हटलं.

आबांनी तिथून बघितलं, सभा काही उठत नाही. ते तरातरा आत आले, मागोमाग त्यांची चार माणसं. "बंद करा ह्यो तमाशा! कोरम नाय, काय नाय!"

एवढ्यात वाडीतली एक म्हातारी मागून पोचली. रजिस्टर टेबलावर उघडं होतं. आमच्याकडे पहिल्या सहीचा मान गावकीच्या प्रमुखाचा. पहिली ओळ त्यांच्यासाठी कोरी सोडतात, आणि भाऊसाहेबांनी त्याही दिवशी सवयीने सोडली होती. म्हातारीने अंगठ्याला शाई लावली आणि त्या ओळीवर नेऊन विचारलं, "हितं मोकळं हाय. हितं करू?"

"ए! ती ओळ माझी हाय!" आबा कडाडले. भाऊसाहेबांच्या हातातलं पेन ओढून त्यांनी पहिल्या ओळीत सही केली. आबांनी केली म्हटल्यावर मागच्या चौघांनीही केली. म्हातारीने खाली अंगठा उठवला.

भाऊसाहेबांनी मोजलं. "एकशे दोन."

मी मुद्दाम केलं असं गाव म्हणतं. नाही केलं. सुचलं असतं तर जरूर केलं असतं! मी उभी राहिले आणि म्हटलं, "कोरम पूर्ण. वाडीच्या टाकीचा ठराव. बाजूने कोण?" हात वर झाले. वाडीतल्या त्या बाईने तर दोन्ही केले, तिला म्हटलं, एकच चालतो गं. विरोधात पाच हात. ठराव मी भाऊसाहेबांना शब्दन् शब्द मोठ्याने वाचायला लावला आणि मगच सही केली.

तेव्हापासून आम्हाला गावात कुणाच्या हळदीचं बोलावणं येत नाही. हळद म्हणजे आमच्याकडे लग्नापेक्षा मोठी. वाजप ऐकू येतं, सगळी आळी नटून जाते, आणि आम्ही दार लावून जेवतो. डोळ्यांत पाणी येतं कधीकधी. पण न वाचता केलेल्या त्या पहिल्या सहीसाठी मी माफी मागितली ती वाडीची. गावकीची मागणार नाही.

मंजुरीला, खोदाईला, पाइपाला वेळ लागायचा तो लागलाच. त्या बाईची सून बाळंत होईपर्यंत तो चढ चढत राहिली. ते माझ्याच सहीमुळे, आणि ते मला पुसता येत नाही.

टाकी झाली तेव्हा उद्घाटनाला आबाच आले. पांढरे कपडे, हार, फोटोवाला. नळाला फीत बांधली होती. आबांनी नारळ हातात घेतला आणि वाडीला हाक मारली, "या रं, पुढं या, पानी आलं!"

कुणी हललं नाही. ती बाई नातवाला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"आबा, नारळ फोडायचा तर फोडा," ती म्हणाली. "पानी आमी सकाळीच भरलं."